नाल्यातले साहेब

पाण्याचा वास घेऊन वार सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साहेब होता. नाल्याच्या काठावर उकिडवं बसायचं, ओंजळभर पाणी नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आज गुरुवार. टॉवेलवाल्यांनी निळा काढलाय." आम्ही मोबाईल काढून बघायचो. गुरुवारच असायचा. पहिल्यांदा मी तोंडात बोट घातलं. मग दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की गुरुवार आहे हे साहेबांना ऑफिसातून निघतानाच ठाऊक असतं. तसं मी बोलून दाखवलं, तर जराही न शरमता म्हणाले, "मग? वारच म्हाईत नसंल तर वास घिऊन करायचं काय?"

सोलापुरात प्रदूषणाचं एक सरकारी ऑफिस आहे, हे नोकरी लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. मी बार्शीची. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. घरी आई-वडिलांना 'सरकारी नोकरी' एवढंच सांगितलं, 'कंत्राटी' हा शब्द खाल्ला. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. त्यामुळे ती नोकरी टिकवणं हे माझं नुसतं काम राहिलं नाही, ती अब्रूची गोष्ट होऊन बसली. माझ्याकडे आवक-जावक रजिस्टर, टायपिंग आणि दर सोमवारी साहेबांच्या दौऱ्याचा कार्यक्रम काढणं. साहेब क्षेत्र अधिकारी होते, मूळचे करमाळ्याकडचे, उन्हानं रापलेले, पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली. मला नावानं हाक मारायचा त्यांना कंटाळा. 'बार्शीकर मॅडम' म्हणायचे, आणि त्यातल्या 'मॅडम'वर असा जोर द्यायचे की मला आपली पायरी कळावी.

आमच्या ऑफिसात कुणीही काहीही तक्रार घेऊन यायचं. शेजाऱ्याच्या चुलीचा धूर, लग्नातला डीजे, मेलेलं डुक्कर. एका आजोबांची तक्रार सुनेच्या मिक्सरच्या आवाजाची होती. साहेब कुणालाही हाकलायचे नाहीत. समोर बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग देशाचं पर्यावरण खातं समजावून सांगायचे.

"हे बगा आजोबा. दिल्लीत मंत्रालय. ते कायदा करतं. दिल्लीतच एक मोठं मंडळ, ते ठरवतं की पाण्यात काय किती चालंल, हवेत काय किती चालंल. मग मुंबईला राज्याचं मंडळ. कारखान्याला संमती द्यायची, काढून घ्यायची, लईच माजला तर वीज तोडायला सांगायची, हे त्यांचं काम. मुंबईच्या खाली पुणं. पुण्याच्या खाली हे सोलापूरचं ऑफिस. ऑफिसच्या खाली मी."

"आन तुमच्या खाली?"

"माझ्या खाली नाला. तुमचा मिक्सर ह्यात कुटंच बसत न्हाय."

ही सगळी उतरंड त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून भिंतीला लावली होती, पण उलटी. सगळ्यात वर नाला, त्याखाली क्षेत्र अधिकारी, मग सोलापूर, पुणं, मुंबई आणि तळाला दिल्ली. एकदा पुण्याहून तपासणीला वरचे एक साहेब आले. ते म्हणाले, हे उलटं टांगलंय. आमचे साहेब हात जोडून म्हणाले, "न्हाय सर, बरोबर हाय. पाणी वरनं खाली जातं. नाल्यात काय चाललंय ते दिल्लीपर्यंत पोचायला पायजे म्हून नाला वर ठेवलाय." पुण्याच्या साहेबांना रागवावं की हसावं ते कळेना. शेवटी त्यांनी चहा मागवला.

नियमाप्रमाणे कारखान्यांचे चार रंग असतात. सगळ्यात घाण करणारे लाल, मग नारिंगी, मग हिरवे, आणि ज्यांचा कुणाला त्रास नाही ते पांढरे. साहेबांनी हे वर्गीकरण सगळ्या मनुष्यजातीला लावलं होतं. ऑफिसचा शिपाई हिरवा. ड्रायव्हर नारिंगी, "पन वाटेत दोन चहा पाजले की हिरवा हुतो." स्वतःचे सासरे लाल, "संमती न घेता चालू हाईत." मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात पांढऱ्यात टाकलं. मला त्याचा आनंद झाला होता, हे आज आठवलं की कानशिलं तापतात.

कधीमधी नोंदी लिहायला ते मलाही बरोबर न्यायचे, आणि त्यांची तपासणी बघण्यासारखी असायची. कापड रंगवणाऱ्या प्रत्येक डाईंगवाल्याकडे रंगाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं, त्याला सगळे ईटीपी म्हणतात. ते चालवायला वीज लागते. म्हणून बरेच जण ते देव्हाऱ्यातल्या चांदीच्या भांड्यांसारखं ठेवतात, पाहुणे आले की काढायचं. एका मालकानं छाती ठोकून सांगितलं की आमची पाण्यात हवा मारायची मोटर चोवीस तास चालू असते, आज पाच मिनिटांपूर्वीच तेल घालायला बंद केली. साहेबांनी मोटरच्या जाळीत डोकावून पाहिलं. आत चिमणीचं घरटं, त्यात तीन पिल्लं, चोची उघडून. साहेब मालकाकडे वळले आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "शेटजी, तुमची मोटर चोवीस तास चालू असती हे मी लिहून घेतो. पन मग ह्या चिमणीचा सत्कार करायला पायजे." आणि तपासणी अहवालात त्यांनी खरोखर लिहिलं, 'यंत्र सतत चालू असल्याचे मालक सांगतात. यंत्रात तीन पिल्ले आढळली. पिल्लांची प्रकृती उत्तम.' पुढे मालक मोटर चालू करायला धावला तर साहेबांनी त्यालाच अडवलं. पिल्लं उडेपर्यंत मोटर लावायची नाही आणि तोवर कारखाना बंद ठेवायचा, असा त्यांचा तोंडी हुकूम. हुकूम कायद्यात कुठे बसत होता देव जाणे, पण मालक इतका ओशाळला होता की त्यानं तो पाळला.

कारखान्यात ते पाण्याचा घोटही घेत नसत. नमुन्याचे कॅन, बर्फाची पेटी, लाख, मेणबत्ती आणि ऑफिसचा पितळी शिक्का, एवढा संसार बरोबर. कॅन आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा, मग भरायचा, झाकणावर कापड, कापडावर दोरा, दोऱ्यावर वितळलेली लाख, लाखेवर शिक्का. मग चिठ्ठीवर दोन्हीकडच्या सह्या. हे सगळं ते इतक्या निगुतीनं करायचे की मी एकदा म्हणाले, साहेब, तुम्ही पूजा सांगायला पाहिजे होतात. म्हणाले, "पूजेत चुकलं तर देव माफ करतो. हितं वकील करत न्हाय."

आता बिराप्पामामांचं सांगते.

एका दुपारी शिपाई घाबराघुबरा आत आला. "साहेब, जिन्यात मेंढी आहे." तिच्यामागून एक म्हातारा आला, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मैंदर्गीच्या अलीकडे ओढ्याकाठी त्यांचं रान, विहीर आणि मेंढरांचा वाडा. बोलताना मराठीत मधेच कानडी मिसळायचे. "सायेब, यल्ला केंपु. सगळं लाल. हिरीचं पाणी लाल झालंय. मेंढरं तोंड लावंनात. लांबनं पाणी आनतोय, पन किती दिस? ईस-पंचवीस मेंढरं इकावी लागत्यात आता." ओढ्याच्या वरच्या अंगाला एक डाईंगचा कारखाना आला होता. तक्रारीबरोबर पुरावा पाहिजे असं गावातल्या कुणी शहाण्यानं सांगितलं, म्हणून मामांनी कळपातली त्यातल्या त्यात पांढरी मेंढी एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून आणली होती. तिचे चारही पाय गुडघ्यापर्यंत गुलाबी होते.

साहेब खुर्चीतून उठले, मेंढीसमोर उकिडवे बसले आणि तिच्या पायांचा वास घेतला. मग मला म्हणाले, "बार्शीकर मॅडम, अर्ज आवक करा. सोबत जोडलेली कागदपत्रं लिहा."

"कागदपत्रं नाहीत साहेब."

"मेंढी एक, पाय गुलाबी. लिहा."

मी लिहिलं. त्या रजिस्टरात ती नोंद अजून असेल. मेंढीला पोच मागता येईना म्हणून मामांना दिली. जाताना तिनं जिन्यात काय केलं, ते शिपायानं निस्तरलं आणि त्या दिवसापासून तो स्वतःला हिरवा म्हणवून घ्यायला तयार होईना.

साहेब तिथं तीनदा गेले. तिन्ही वेळा ईटीपी घरघर चालू, बाहेर पडणारं पाणी स्वच्छ, फाटकात मॅनेजर हसतमुख. तिन्ही वेळा प्रयोगशाळेचा अहवाल आला, सगळं मर्यादेत. आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "आता एकदा शेवटचं बघा. नाही निघालं काही, तर तक्रारीत तथ्य नाही म्हणून फाईल बंद करा." मामा दर सोमवारी यायचे, बाकावर बसायचे, माझ्याकडे बघायचे. "पोरी, झालं का गं काई?" मी म्हणायची, "होईल मामा." चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाले की सात मेंढरं विकली.

साहेबांना एक गोष्ट कळत होती. एमआयडीसीतल्या वॉचमनांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाव 'पाहुणे'. आमची जीप निघाली की त्यावर मेसेज पडायचा. त्या ग्रुपात साहेबांना कुणी घेतलं ते मला कधी कळलं नाही, पण ते त्यात होते, आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलाबरोबर 'शुभ सकाळ' पाठवायचे. वॉचमन उलट नमस्कार करायचे. बिराप्पामामांच्या ओढ्यावरच्या कारखान्याचा मात्र प्रकार वेगळा होता. जीप निघायच्या आदल्या संध्याकाळीच ग्रुपवर यायचं, 'उद्या पाहुणे.' म्हणजे बातमी रस्त्यावरून जात नव्हती, ऑफिसातून जात होती. घरचा भेदी.

तो भेदी मी होते.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, शप्पथ. आमच्याकडे एक कन्सल्टंट यायचे, कारखान्यांचे संमतीचे अर्ज ऑनलाइन भरून देणारे. पांढरा शर्ट, गोड बोलणं, मी त्यांना काका म्हणायची. येताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचे, "बेटा, होस्टेलवर काय खातेस कुणास ठाऊक" म्हणायचे. आणि जाताना विचारायचे, "साहेब उद्या आहेत ना गं? अर्ज घेऊन येतो." बिचाऱ्यांचा हेलपाटा वाचावा म्हणून मी सांगायची, "उद्या नको काका, उद्या साहेब अक्कलकोट रोडला आहेत. गुरुवारी या." मला वाटायचं मी किती मदत करणारी. वडिलांनी शिकवलं होतं, ऑफिसात आलेल्या माणसाला रिकामं फिरवू नये. त्यांच्या शिकवणीचं मी असं चीज केलं.

एका सोमवारी साहेबांनी मला शेवटच्या तपासणीचा कार्यक्रम सांगितला. "बुधवार. मैंदर्गीकडचं डाईंग. टाईप करा." मी टाईप केलं. दुपारी काका आले, चटणी ठेवली, विचारलं. मी सांगितलं, "बुधवारी नको काका."

मंगळवारी सकाळी साहेब पँट दुमडत म्हणाले, "चला बार्शीकर मॅडम, आज शिपाई रजेवर हाय, साक्षीला माणूस पायजे. नमुना घ्यायला शिकवतो." जीप राहिली ऑफिसच्या दारात. आम्ही निघालो एसटीनं. कॅन बाजाराच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी, लाख आणि शिक्का माझ्या पर्समध्ये. शेजारच्या बाईनं कोथिंबिरीचा भाव विचारला तर साहेबांनी तिच्याशी घासाघीस करून जुडी विकायचीच बाकी ठेवली होती. कुठं चाललोय ते विचारलं की म्हणायचे, "वास यील तितं."

फाट्यावर उतरलो तर बिराप्पामामा मेंढरं घेऊन उभे. त्यांना सकाळीच फोन गेला होता. मग आम्ही तिघं आणि तो सगळा कळप ओढ्याच्या काठानं चालत कारखान्याच्या मागच्या अंगाला गेलो, जिथं भिंतीतून एक जाड पाइप बाहेर आला होता. पाइप कोरडा ठणठणीत. समोर बाभळींची सावली होती, तिथं बसलो. लांबून बघणाऱ्याला एक धनगर, दोन पाहुणे आणि मेंढरं एवढंच दिसावं. साहेबांनी तर मामांचं घोंगडं अंगावर घेतलं होतं. उन्हात घोंगडं! घामानं निथळत होते, पण चेहऱ्यावर अशी खुशी की नवरदेवाच्याही नसेल.

मी विचारलं, "साहेब, आज कसं सोडतील? दौरा तर उद्या आहे."

"म्हूनच आज."

मला कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. रंगाचं पाणी टाकीत साठवून ठेवतात आणि सवडीनं सोडतात. उद्या तपासणी आहे असं कळलं की टाकी आज रिकामी करावीच लागते. भरलेली टाकी दाखवून चालत नाही. "आपन कवा जायचं ते त्येंला कळतं, पन ते कवा सोडत्यात ते आपल्याला कळत नव्हतं. आता दोघांचं बी कळलं." मी म्हणाले, "पण त्यांना कळतं कसं?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला आले, आणि तेवढ्यात पाइप गुरगुरला.

आधी हवा आली, मग फेस, मग लाल पाणी. असं लाल की मी जागची उठलेच. मेंढरं मागं सरली. मामांनी काठी जमिनीवर आपटली. साहेब घोंगडं फेकून धावले, कॅन तीनदा विसळला, दोन कॅन भरले, हात कोपरापर्यंत लाल. वाऱ्यानं मेणबत्ती विझायला लागली तेव्हा मामांनी आणि मी घोंगड्याचा आडोसा धरला. लाख वितळली, शिक्का उमटला. मग साहेब म्हणाले, "आता कारखान्यावाल्यांना बोलवा. त्येंच्यासमोर पंचनामा."

मॅनेजर आला तो रुमालानं तोंड पुसत, अर्धवट जेवणातून उठलेला. पाइप बघितला, लाल हाताचे साहेब बघितले, आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब? आज? पण तुमचा दौरा उद्या आहे!"

एक मेंढी तेवढी ओरडली. मॅनेजरला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं, वर आणखी म्हणाला, "म्हणजे, काकांनी तसं सांगितलं होतं."

म्हणजे बातमी माझ्याकडून गेली होती. पॅड माझ्या हातात, पंचनामा मीच लिहीत होते. साहेब शांतपणे सांगायला लागले, "लिहा. कारखान्याचे व्यवस्थापक हजर झाले. नमुना पाहिल्यावर ते म्हणाले, स्वल्पविराम, 'पण तुमचा दौरा उद्या आहे.'"

माझा पेन थांबला. ते वाक्य कागदावर गेलं की कुणीतरी विचारणार, दौरा यांना कळला कसा. दौरा टाईप कोण करतं? माझे पेढे, माझे वडील, माझे अकरा महिने, सगळं त्या एका ओळीवर येऊन उभं राहिलं. मी हळूच म्हणाले, "साहेब, हे वाक्य घ्यायलाच पाहिजे का?"

"तुमाला काय वाटतं?"

मी मामांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. लाल पाणी ओढ्यातून त्यांच्या विहिरीच्या दिशेला वळत होतं. ते वाक्य गाळलं असतं तर मॅनेजर उद्या म्हणाला असता, आज चुकून नळी फुटली. मला हे कळत होतं, ऑफिसात फायली मीच तर लावायची. मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की साहेबांनी ते पुन्हा लिहायला लावलं. खाली साक्षीदार म्हणून मामांचा अंगठा आणि माझी सही.

परत येताना एसटीत मी रडले. साहेब खिडकीतून बाहेर बघत सांगत होते की त्यांनी महिन्याभरापूर्वी ड्रायव्हरला बार्शीचा दौरा सांगितला, शिपायाला करमाळ्याचा आणि मला मैंदर्गीचा, आणि संध्याकाळी 'पाहुणे' ग्रुपवर मैंदर्गी आलं. "मला लई वाईट वाटलं. ड्रायव्हरवर माझी पैज व्हती." मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात?" तर म्हणाले, "बोललो असतो तर तुमी गप बसला असता. मग आजची बातमी कुनी पोचवली असती?" मला त्यांचा इतका राग आला की रडू थांबलं. आणि राग कसला करायचा, चोर तर मीच होते.

मुंबईला सुनावणी झाली. मलाही साक्षीला जावं लागलं. मोठ्या टेबलापलीकडे मुख्यालयाच्या मॅडम, अलीकडे कारखान्याचे वकील. वकिलांनी नमुन्यात खोट काढायचा प्रयत्न केला, पण लाख शाबूत, सह्या शाबूत. मग त्यांनी तेच वाक्य उचललं. "मॅडम, दौरा बुधवारचा असताना हे मंगळवारी गेले. दौऱ्याची बातमी माझ्या अशिलाला कुणीतरी दिली. म्हणजे हा सापळा आहे. बातमी कुणी दिली ते यांनी सांगावं."

मॅडमनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. "कुणी दिली?"

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मनात ठरवलं होतं की नाव आलं की उभं राहायचं. पण मी बसूनच राहिले.

साहेब उभे राहिले. मुंबईत ते शुद्ध बोलायचे. "मी दिली."

"तुम्ही स्वतः?"

"दौरा माझा होता, मॅडम. बुधवार मीच ठरवला, मीच सांगितला आणि बाहेर जावा म्हणूनच सांगितला. त्यांनी पाणी सोडू नये असं तर मी कुठं म्हणालो नव्हतो."

मॅडमना हसू आलं असावं, कारण त्यांनी फाईल तोंडासमोर धरली. पण सरकार म्हणजे सरकार. आठवड्यानं एकाच टपालात दोन कागद आले. एक कारखाना बंद करायचा आदेश, वीज आणि पाणी तोडायच्या सूचनेसह. दुसरा साहेबांना मेमो, कार्यालयीन गोपनीयता भंग केल्याबद्दल खुलासा करावा. दोन्ही मीच आवक केले. साहेबांनी खुलासा मला सांगून टाईप करून घेतला. सगळा मिळून एकच ओळ. 'ज्ञापन मिळाले. पाणी लाल होते.'

त्यांची बदली झाली, लांब, विदर्भाच्या पार टोकाला. निरोपाला पेढे मीच आणले. मी कबुली लिहून नेली होती, दोन पानं. त्यांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "हे घरी वाचायला चांगलं हाय." काका त्यानंतर पुन्हा आले तेव्हा मी त्यांना चटणीसकट जिना दाखवला. जरा उशिरा सुचलं, पण सुचलं. माझं कंत्राट पुढे दोनदा वाढलं, आणि प्रत्येक वेळी सही करताना मला वाटायचं की ही जागा मला कुणीतरी उसनी दिली आहे.

बिराप्पामामांचा फोन आला तो बऱ्याच महिन्यांनी. विहीर चार वेळा उपसली होती, मधे दोन पाऊस झाले होते. साहेब नव्हते, म्हणून मी गेले, कॅन घेऊन. नमुना घेतला, लाख लावली. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, पण अहवाल यायला दिवस लागणार, तोवर मला काही बोलता येत नव्हतं. मामांना अहवालाची पडलेलीच नव्हती. त्यांनी मेंढरांच्या दगडी डोणीत पाणी ओतलं आणि तोंडानं आवाज काढला. मेंढरं आली. पुढच्या म्हाताऱ्या मेंढीनं हुंगलं, मान वर केली, पुन्हा हुंगलं. मग तिनं तोंड घातलं, आणि मागनं सगळ्यांनी. डोणीभर नुसता पिण्याचा आवाज.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मामा, तुम्हाला एक सांगायचंय. तीनदा कारखान्यावाल्यांना बातमी गेली ती माझ्याकडून. माझ्यामुळं तुमची मेंढरं गेली."

मामा डोणीतलं पाणी हलवत राहिले. "ते व्हय? ते सायबांनी त्याच दिशी सांगितलं की. फोनवरच. म्हनले, हिनंच बातमी फोडली, आन आज हीच साक्ष देनार. तिला काई बोलू नगा मामा."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"सायबांनी बोलू नगा म्हनलं, म्हून बोललो न्हाय. पन राग तर आला व्हता. सात मेंढरं गेली माजी." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "त्या दिशी पंचनामा झाल्यावर घरनं चहा आनला व्हता किटलीत. सायबांना दिला, त्या मॅनेजरला बी दिला. तुला दिला न्हाय. ध्यानात आलं नव्हतं व्हय?"

नव्हतं आलं. त्या दिवशी माझं मन थाऱ्यावरच कुठं होतं! इतक्या महिन्यांनी मला त्या चहाचा अपमान झोंबला, आणि त्याबरोबर इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. साहेबांनी माफ केलं होतं, सरकारला पत्ता नव्हता, आणि या एका माणसानं मला रीतसर शिक्षा केली होती. ती माझी भोगूनही झाली होती.

मामांनी रिकामी बादली उपडी घातली, घराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अगं, चहा टाक. बाईंस्नी बी."

मी दोन कप प्यायले.